दोन रंगांमधली रेघ: चार प्रकारच्या मास्किंग टेपचं परीक्षण

रंगाच्या दुकानात मास्किंग टेप मागा, बहुतेक ठिकाणी एकच वस्तू पुढ्यात येते: फिकट पिवळ्या, सुरकुतलेल्या कागदाची गुंडाळी. भिंत रंगवणारे तीच वापरतात, गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारेही तीच. निळी, हिरवी आणि जपानी धाटणीच्या पातळ कागदाची टेप मोठ्या शहरांतल्या ठरावीक दुकानांत किंवा ऑनलाइन मिळते आणि साध्या टेपच्या कितीतरी पट महाग पडते. भिंतीला खाली एक आणि वर एक असे दोन रंग द्यायचे असोत, की दाराची चौकट भिंतीपासून स्वच्छ वेगळी दिसायला हवी असो, जास्तीचे पैसे कुठे सार्थकी लागतात हे टेप घेण्याआधी कळलेलं बरं.

माझं मत आधीच सांगतो. रेघेसाठी चांगली टेप घ्यावी, झाकाझाकीसाठी साधी. पण टेप म्हणजे नुसतं कुंपण. कुंपणाखालून रंग पलीकडे जाऊ नये याची व्यवस्था वेगळी करावी लागते. ती केली तर साध्या टेपनेही भिंतीवर बरी रेघ येते, नाही केली तर महागातली टेपही दगा देते.

या टेपचा जन्मच मुळी दोन रंगांच्या कामातून झाला. १९२० च्या दशकात अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारी लोकप्रिय झाल्या होत्या. कारागीर एक रंग देऊन झाला की त्यावर गोंदाने कागद चिकटवत, दुसरा रंग मारत, आणि कागद काढताना खालचा रंगही सोलून निघे. थ्रीएम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू यांनी हा त्रास पाहिला आणि १९२५ मध्ये अलगद निघणारी कागदी चिकटपट्टी तयार केली. आजही कुठलीही मास्किंग टेप तपासायची ती याच दोन कसोट्यांवर: कडेखालून रंग झिरपतो का, आणि निघताना खालचा रंग उखडतो का.

आपल्याकडे दोन रंगांची भिंत नवी नाही. शाळेचे वर्ग, एसटी स्टँड, सरकारी दवाखाने आठवा. खाली चार-साडेचार फुटांपर्यंत ऑइल पेंट, वर चुना किंवा डिस्टेंपर, आणि सांध्यावर बोटभर रुंदीचा गडद पट्टा. तो पट्टा शोभेइतकाच सांधा झाकायच्याही कामाचा होता. दोन रंग कुठे वेडेवाकडे भेटले असतील तर ते त्याच्याखाली जात. आताच्या घरात पट्टा नको असतो, रंगाला रंग थेट भिडायला हवा असतो. त्यामुळे सांध्याची सगळी जबाबदारी टेपवर येते.

साध्या टेपपासून सुरुवात करू. तिचा कागद क्रेपचा, म्हणजे मुद्दाम बारीक चुण्या पाडलेला असतो, आणि गोंद बहुधा रबराचा. चुण्यांमुळे ती ताणते, गोलाईवर वळते, हाताने सहज फाटते. हे तिचे गुण, आणि दोषही याच चुण्यांत आहे. टेपची कड डोळ्यांजवळ धरून पाहिली तर ती सरळ दिसत नाही, दातेरी दिसते. प्रत्येक चुणी कडेपाशी एक बारीक बोगदा सोडते आणि पातळ इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग, त्या बोगद्यात आपसूक ओढला जातो. टेप निघाल्यावर रेघेतून मुंगीच्या पायांसारखे फाटे फुटलेले दिसतात ते यामुळे. हात थरथरला म्हणून ते येत नाहीत.

दुसरी अडचण गोंदाची. रबराचा गोंद ऊन आणि उष्णता लागली की कडक होतो, पृष्ठभागाला धरून बसतो. मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीवर दोन-तीन दिवस राहिलेली साधी टेप काढायला जा, कागद तुकड्यातुकड्याने येतो आणि गोंद अॅल्युमिनियमवरच राहतो. तो रॉकेल किंवा टर्पेंटाईनमध्ये भिजवलेल्या फडक्याने निघतो. पावडर कोटिंगच्या किंवा पीव्हीसीच्या खिडकीवर थिनर मात्र लावू नये, पृष्ठभागाची चकाकी कायमची जाते.

तरीही ही टेप घरात हवीच. स्विचबोर्ड, बिजागऱ्या, कडीकोयंडे, फरशीचं स्कर्टिंग झाकायला, प्लास्टिक किंवा वर्तमानपत्राची कड धरून ठेवायला दुसरं काही घेण्याची गरज नाही. फक्त माल ताजा बघून घ्यावा. दुकानातच वीतभर उलगडून पाहावी. सरळ उलगडायच्या ऐवजी तिरकी फाटत असेल, पाठीवर गोंद येत असेल किंवा गुंडाळीची बाजू काळपट, धुळीने भरलेली असेल, तर ती जुनी आहे.

निळी टेप ही रंगकामासाठी म्हणून बनवलेली. तिच्यातली सर्वांत ओळखीची म्हणजे थ्रीएमची स्कॉचब्लू २०९०. हिचा कागदही क्रेपचाच, पण चुण्या बारीक, चिकटपणा मध्यम, आणि आतल्या भिंतीवर १४ दिवसांपर्यंत ठेवली तरी डाग न सोडता निघेल असं कंपनी सांगते. उन्हालाही ती साध्या टेपपेक्षा चांगली टिकते. काम एका दिवसात संपणार नसेल, मधे रविवार येणार असेल, किंवा खिडक्या-दारांचं काम असेल, तर ही घ्यावी. पण निळा रंग म्हणजे गुण नव्हे. बाजारात साध्याच क्रेप कागदाला निळा रंग देऊन विकलेल्या गुंडाळ्या भरपूर आहेत. वेष्टनावर किती दिवसांत काढावी हे छापलेलं नसेल तर तिच्यासाठी साध्या टेपपेक्षा जास्त पैसे मोजू नयेत.

हिरव्या टेपमध्ये फ्रॉगटेपचं नाव पुढे आहे. तिच्या कडेवर पाणी शोषून फुगणारं पॉलिमर असतं. इमल्शनमधलं पाणी कडेला लागलं की ते फुगून जेलीसारखं होतं आणि बोगदे तिथल्या तिथे बुजतात. कल्पना उत्तम आहे आणि इमल्शनवर काम नीट करते. मात्र हे सगळं पाण्यावर चालतं. चौकटीला ऑइल पेंट किंवा सिंथेटिक इनॅमल मारत असाल तर त्यात पाणीच नाही, त्यामुळे या कडेचा खास फायदा मिळत नाही आणि जास्तीचे पैसे वाया जातात. दुसरं, ही टेप झाकणाच्या प्लास्टिक डबीत येते. ती डबी फेकू नये. मुंबई-कोकणच्या दमट हवेत उघडी राहिलेली गुंडाळी हवेतलं पाणी धरते आणि कडा कामाला लागण्याआधीच थकतात.

चौथी टेप पातळ, सपाट कागदाची, जिला जपानी नावावरून वाशी टेप म्हणतात. शोभेच्या नक्षीची वाशी टेप स्टेशनरीच्या दुकानात मिळते, ती वेगळी. रंगकामाची टेप एकरंगी असते आणि रंगाच्या किंवा गाड्यांच्या पेंटच्या सामानात मिळते. साधी क्रेप टेप अंदाजे ०.१३ मिमी जाड, तर ही ०.०९ मिमीच्या आसपास. एवढ्याशा फरकाने काय होतं असं वाटेल, पण टेपच्या जाडीला टेकून रंग साचतो आणि टेप निघाल्यावर तेवढ्या उंचीचा कंगोरा राहतो. संध्याकाळी बाजूने दिवा पडला की साध्या टेपचा कंगोरा बोटाला आणि डोळ्याला दोन्हीला जाणवतो, वाशीचा जवळजवळ नाही. हिला चुण्या नाहीत म्हणून बोगदेही नाहीत. गुळगुळीत पुट्टीच्या भिंतीवर दोन रंगांची आडवी रेघ काढायची असेल तर चौघींत माझी पसंती हिलाच. उणीव अशी की ती ताणत नाही, त्यामुळे कमानीला किंवा गोल कडेला वळत नाही, आणि घाईने ओढली तर मधेच फाटते.

टेप कुठलीही असो, खालची भिंत कच्ची असेल तर उपयोग नाही. आपल्याकडच्या बहुतेक तक्रारी टेपच्या नसतातच, पुट्टीच्या असतात. टेप ओढली आणि तिच्याबरोबर हाताएवढा पापुद्रा आला, तर पापुद्र्याची मागची बाजू बघावी. पांढरी भुकटी दिसली तर दोष पुट्टीचा. पुट्टी, जिला जुने रंगारी लांबी म्हणतात, पॉलिश पेपरने घासल्यावर भिंतीवर राहिलेली धूळ पुसली नाही, किंवा प्रायमर मारलाच नाही, तर रंगाचा थर त्या धुळीवर बसतो. एरवी तो वर्षानुवर्षे तसाच राहिलेला दिसतो, टेपने ओढ दिली की सुटतो.

म्हणून आधी तपासून घ्यावं. तळहात भिंतीवर घासा. पांढरा भुगा हाताला लागला तर भिंत डिस्टेंपरची किंवा चुन्याची आहे, तिच्यावर टेप धरणारच नाही. ती खरवडून प्रायमर द्यावा लागेल. भुगा नसेल तर कपाटामागे, दिसणार नाही अशा जागी ब्लेडने २ मिमी अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा माराव्यात, त्यावर टेप दाबून बसवावी आणि झटकन ओढावी. एखाददुसरा चौकोन निघाला तर चालेल. चौकोनांची रांगच्या रांग निघत असेल तर त्या भिंतीवर टेप लावायचा विचार सोडावा. ओल आलेल्या, खार फुटलेल्या भिंतीवर तर दोन रंगांचं काम काढूच नये, आधी गळती बंद करावी.

ताजा रंगही कच्ची भिंतच समजावा. इमल्शन अर्ध्या तासात हाताला कोरडं लागतं, चार तासांनी दुसरा हात मारता येतो, पण त्यावर टेप लावायची तर किमान २४ तास थांबावं, दोन दिवस थांबलात तर उत्तम. इनॅमल वरून कोरडं व्हायला चार ते सहा तास घेतं आणि कडक व्हायला १८ ते २४ तास. त्यावर दोन-तीन दिवसांच्या आत टेप लावली तर तिच्या चुण्यांचे ठसे इनॅमलमध्ये उमटतात आणि ते मग घासूनच काढावे लागतात. पावसाळ्यात या सगळ्या वेळा दीडपट-दुप्पट धराव्यात.

आता आडव्या रेघेचं काम. फिका रंग आधी, गडद नंतर. फिक्यावर गडद दोन हातांत झाकतो, उलट केलं तर चार हात मारूनही खालचा रंग डोकावतो. फिका रंग पूर्ण भिंतीला द्यायची गरज नाही, रेघेच्या खाली चार इंच आणला की पुरे.

रेघ आखताना फरशीपासून माप घेऊ नये. पाणी वाहून जावं म्हणून फरशीला उतार असतो, कधी कधी खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्धा इंच फरक सहज पडतो. लेझर लेव्हल नसेल तर गवंड्याची लेव्हल ट्यूब घ्यावी, पारदर्शक नळीत पाणी भरून, मधले बुडबुडे काढून. एका कोपऱ्यात उंची ठरवली की नळीतल्या पाण्याच्या रेषेवरून बाकी कोपऱ्यांत खुणा घ्यायच्या. मधल्या खुणा दोन-दोन फुटांवर, पेन्सिलने आणि अगदी हलक्या हाताने. बॉलपेन किंवा स्केचपेनची शाई इमल्शनमधून वर येते आणि तीन हात मारले तरी दिसत राहते. लाइनदोरीने सूत मारलं तर रंगाची पूड ओल्या फडक्याने पुसून टाकावी, कारण पुडीवर टेप चिकटत नाही.

टेप कुठे लावायची याचा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. गडद रंग रेघेच्या खाली येणार असेल तर टेप रेघेच्या वर लावायची, तिची खालची कड रेघेला टेकून. पेन्सिलची खूण टेपच्या खालच्या कडेबाहेर दिसत राहिली पाहिजे, म्हणजे ती गडद रंगात बुडते. टेपने झाकली गेलेली खूण फिक्या रंगावर कायमची राहते.

टेप एका वेळी दोन-अडीच फूट उलगडावी, हलकी ताणून बसवावी, खेचून नाही. खेचून लावलेली क्रेप टेप रात्रीतून आखडते आणि टोकं सुटतात. बसवल्यावर जुन्या एटीएम कार्डाभोवती सुती फडकं गुंडाळून फक्त रेघेकडची कड दाबत जावं. पूर्ण रुंदी दाबण्यात अर्थ नाही, उलट काढताना ओढ वाढते. टेपला जोड द्यायचा तर इंचभर एकावर एक चढवावी.

आणि आता या लेखातली सगळ्यात मोलाची पायरी, जी बहुतेक कामांत गाळली जाते. टेपच्या कडेवरून आधी फिकाच रंग मारायचा, म्हणजे जो टेपखाली आहे तोच. एक इंची ब्रश, ब्रशवर अगदी थोडा रंग, कडेवरून पातळ हात. कडेखाली जे काही बोगदे असतील त्यात हा रंग शिरतो, सुकतो आणि वाट बंद करतो. जे झिरपलं ते खालच्याच रंगाचं असल्यामुळे दिसत नाही. अर्धा तास ते पाऊण तास सुकू द्यावं, मग गडद रंग. ही एक पायरी केली की साध्या टेपची रेघही हिरव्या टेपच्या तोडीची येते. घरात फिका रंग शिल्लक नसेल तर बाजारात मिळणारा पारदर्शक अॅक्रिलिक मॅट कोट त्या जागी चालतो.

गडद रंग मारताना ब्रश टेपकडून भिंतीकडे न्यावा. उलट दिशेने ब्रश कडेवर आदळला तर रंग कडेखाली ढकलला जातो. कडेजवळची दोन-तीन इंच जागा ब्रशने, बाकी रोलरने, आणि रोलर टेपला लागून न्यायचा असेल तर चार इंची लहानच घ्यावा. कडेवर जाड थर चढवू नये. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात केव्हाही बरे. तांबडा, गर्द निळा असे रंग कधी तिसराही हात मागतात.

शेवटचा हात मारून झाला की टेप लगेच काढायला घ्यावी. रंगाची ओली चमक गेलेली असावी, पण बोट लावलं तर चिकटावा, अशी ती वेळ. इमल्शनला साधारण १५ ते ३० मिनिटं, इनॅमलला काम संपल्यावर तासाभरात. टेपचं टोक तिच्याच अंगावर परत दुमडून, साधारण ४५ अंशांत, रंगवलेल्या भागापासून दूर आणि सावकाश ओढत न्यावं. दुसऱ्या हातात वर्तमानपत्राचा कागद ठेवावा, ओली टेप झुलून भिंतीला लागते. दुसऱ्या दिवशी काढायची वेळ आली तर रंगाचा थर टेपपासून भिंतीपर्यंत सलग पसरलेला असतो आणि ओढताना रबरासारखा लांबत फाटतो. अशा वेळी नव्या पात्याचा पेपर कटर कडेवरून हलका फिरवावा, पुट्टी चिरेल इतका जोर नको. टेप जिथे हटून बसली असेल तिथे हेअर ड्रायरने गरम करून मग सोडवावी.

एवढं करूनही दोन-चार ठिकाणी फाटे राहतातच. त्यासाठी दोन्ही रंग १०० मिली तरी वेगळ्या बाटलीत काढून ठेवावेत आणि चित्रकलेचा चपटा, ४ किंवा ६ नंबरचा ब्रश जवळ ठेवावा. इमल्शनवर ही दुरुस्ती कळतही नाही. ऑइल पेंट भिंतीवर गेला तर मात्र टर्पेंटाईनने पुसायला धावू नये. मॅट भिंतीवर तेलकट डाग पसरतो आणि तो वरच्या रंगातूनही दिसतो. डाग सुकू द्यावा, ३२० नंबरच्या पेपरने घासावा, प्रायमरचा ठिपका देऊन मग भिंतीचा रंग लावावा. चौकटीवर किंवा टाईलवर उडालेला ओला ऑइल पेंट मात्र टर्पेंटाईनने लगेच पुसावा.

दाराच्या चौकटीचं गणित वेगळं आहे. तिथे टेप भिंतीवर लावायची की लाकडावर? माझं उत्तर लाकडावर. कडक झालेलं इनॅमल टेपची ओढ सहन करतं, पुट्टीची भिंत करेलच असं नाही. त्यामुळे भिंतीला पुट्टी, प्रायमर आणि रंगाचा पहिला हात, मग चौकटीचं घासणं, लाकडाचा प्रायमर आणि इनॅमलचे हात पूर्ण, मग दोन-तीन दिवसांची विश्रांती, आणि शेवटी चौकटीवर टेप लावून भिंतीचा शेवटचा हात. जुने रंगारी भिंतीचा शेवटचा हात अखेरपर्यंत राखून ठेवतात त्याचं कारण हेच. इनॅमल भिंतीवर दोन-तीन मिमी उतरलं असेल तरी काळजी नाही, एवढी कड भिंतीच्या रंगाखाली जाते. त्याहून रुंद पसरू देऊ नये आणि त्यावर २२० चा पेपर हलका फिरवावा, कारण चकचकीत ऑइल पेंटवर इमल्शन धरत नाही.

चौकट आणि भिंत यांच्या सांध्यात जवळजवळ प्रत्येक घरात बारीक भेग असते. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आखडतं, आणि पुट्टीला ती हालचाल झेपत नाही. ती भेग तशीच ठेवून कुठलीही टेप लावा, रंग भेगेतून पलीकडे जाणारच. तिथे अॅक्रिलिक सीलंट भरावं. नळीचं तोंड तीन-चार मिमीचं तिरकं कापावं, एका दमात सांध्यावरून धार न्यावी आणि ओल्या बोटाने सपाट करावी. सिलिकॉन घेऊ नये. दुकानात दोन्हीच्या नळ्या शेजारीशेजारी आणि दिसायला सारख्याच असतात, पण सिलिकॉनवर रंग बसत नाही, थेंब थेंब होऊन मागे सरतो. नळीवर ‘यावर रंग देता येतो’ अशा अर्थाची सूचना आहे ना ते वाचून घ्यावं.

लाकडी खिडकीच्या काचेला टेप अगदी चौकटीला चिकटवून लावली जाते, ते चूक आहे. टेप काचेवर एक ते दोन मिमी आत लावावी. तेवढा रंग काचेवर गेला की काच आणि तिच्या कडेची लांबी (पुट्टी) यांच्यातली फट बंद होते आणि पावसाचं पाणी लाकडात उतरत नाही.

खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती दोन रंगांच्या असतील तर रेघ बरोबर कोपऱ्यात काढायचा हट्ट धरू नये. प्लास्टरचा कोपरा क्वचितच ओळंब्यात असतो. ओळंबा सोडून कोपऱ्यापासून दोन-तीन मिमी अलीकडे, एकाच भिंतीवर सरळ रेघ घ्यावी. डोळ्याला सरळ रेघ दिसते, कोपरा सरकल्याचं दिसत नाही. छताशीही तसंच. पीओपीची कड वाकडी असेल तर छताचा पांढरा रंग भिंतीवर पाच मिमी खाली आणून तिथे टेप लावावी.

खरबरीत भिंतीवर, म्हणजे बाल्कनीत किंवा जिन्यात जिथे वाळूचं दाणेदार प्लास्टर आहे, तिथे चारही प्रकारच्या टेप हरतात. दाण्यांमधल्या खळग्यांपर्यंत कागद पोचतच नाही. तिथे टेपच्या कडेवरून अॅक्रिलिक सीलंटचा पातळ हात बोटाने ओढावा, तो ओला असतानाच गडद रंग मारावा आणि टेप लगेच काढावी. तेही नको असेल तर सांध्यावर दीड-दोन इंची लाकडी पट्टी ठोकून घ्यावी किंवा जुना रंगीत पट्टा परत आणावा. जिन्यासाठी मला तो पट्टाच योग्य वाटतो. हात लागून मळते ती जागाही त्याने झाकली जाते.

टेपऐवजी म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन गोष्टींबद्दल थोडक्यात. चाकं लावलेला कड रंगवायचा पॅड छताला टेकवून ओढायचा असतो, पण चाकांना एकदा रंग लागला की तो छतावर रुळासारख्या दोन रेघा काढतो. घेऊ नये. पत्र्याची किंवा प्लास्टिकची लांब पट्टी मात्र स्कर्टिंगसाठी कामाची आहे, अट एकच, प्रत्येक वेळी उचलली की कड फडक्याने पुसायची.

किती टेप लागेल? १० बाय १२ फुटांच्या खोलीचा घेर ४४ फूट, म्हणजे साडेतेरा मीटर. एका आडव्या रेघेला २० मीटरची एक गुंडाळी पुरून उरते. सात बाय तीनच्या दाराच्या चौकटीला एका बाजूने १७ फूट, म्हणजे सव्वापाच मीटर, दोन्ही बाजू धरून साडेदहा. चार बाय चारच्या खिडकीला एका बाजूने पाच मीटर. रेघेसाठी २४ मिमी रुंदी सोयीची, १२ मिमीवर रोलर चढतो आणि ४८ मिमी सरळ बसवणं अवघड जातं. ४८ ची साधी टेप स्कर्टिंगवर लावावी. चार फुटांपर्यंत गडद रंग असेल तर दार वजा जाता अंदाजे १६५ चौरस फूट भिंत होते. चांगल्या इमल्शनचे दोन हात गुळगुळीत भिंतीवर लिटरला १२० ते १४० चौरस फूट जातात, त्यामुळे लिटरचे दोन डबे घ्यावेत आणि दोन्ही एकाच वेळी, एकाच यंत्रावर मिसळून घेऊन घरी एका बादलीत एकत्र करावेत. वेगवेगळ्या दिवशी मिसळलेल्या रंगाच्या छटेत किंचित फरक पडू शकतो, आणि तो नेमका रेघेजवळ, जिथे नजर आधी जाते, तिथे उठून दिसतो.